आजी गेल्यानंतरचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या निधनानंतरच्या दिवसांविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले होते. मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय आजी हाच होता, म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांनाच दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. विधींसंबंधी जे लिहिले आहे ते महाराष्ट्रातील सर्वसाधारण रीतीला धरून आहे. कूळ, गाव आणि समाज यांप्रमाणे त्यात फरक पडतो, तेव्हा आपल्या घरची रीत घरच्या ज्येष्ठांना विचारून घ्यावी.

प्रश्न (कांदिवली) : माझी आजी ८८व्या वर्षी गेली. आई-वडील दोघेही नोकरीला जात असल्यामुळे मला तिनेच वाढवले. कार्यालयातून मला एका दिवसाची रजा मिळाली. भेटायला येणारे सगळे ‘सोनं झालं, चालती-बोलती गेली’ असे म्हणतात आणि बाबांचे सांत्वन करून निघून जातात. लोकलमध्ये उभा असताना एकाएकी माझे डोळे भरून येतात. पिकले पान गळाले, त्यासाठी नातवाने इतके दुःख करावे का, असे आता मलाच वाटू लागले आहे.

उत्तर : अवश्य करावे. ‘सोनं झालं’ म्हणणाऱ्यांचा हेतू तुमचे दुःख कमी लेखण्याचा नसतो. अंथरुणाला न खिळता, कोणाकडून काही करून न घेता माणूस गेला, याचे समाधान ते बोलून दाखवतात, आणि ज्या घरांनी दीर्घ आजारपण काढले आहे त्यांना त्या समाधानाचे मोल ठाऊक असते. परंतु मरण सुखाचे आले म्हणून मागे राहिलेल्यांची उणीव लहान होत नाही. आपल्याकडे भेटायला येणारा माणूस आधी मुलांकडे वळतो, मग सुनांकडे. नातवंडे त्या दिवसांत चहा देण्यात, खुर्च्या मांडण्यात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यात आणि फोन घेण्यात गुंतलेली असतात. तेरावा होऊन सगळे पांगतात, तेव्हा कोठे त्यांच्या दुःखाला वेळ मिळतो, आणि तोपर्यंत विचारपूस करणारे कोणी उरलेले नसते. तुमचे डोळे गाडीत भरून येतात याचे मला मुळीच नवल वाटत नाही, कारण दिवसभरात तुम्हाला काही काम नसलेली तेवढीच वेळ असावी.

रजेविषयी सांगायचे तर खासगी नोकरीत निधनानिमित्त वेगळी रजा दिलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ज्या कंपन्या अशी रजा देतात त्यांच्या नियमांतील निकटच्या नात्यांत आजी-आजोबा पुष्कळदा नसतात. आपल्याला आजीनेच वाढवले, हे वरिष्ठांना दोन ओळींत लेखी कळवून साठलेल्या रजेतून आणखी काही दिवस मागावेत. ही मागणी करण्यात संकोच मानू नये.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सुचवते. आजी गेल्यावर घरातून एक माणूस जाते तशी त्या माणसाची कामेही जातात. दूधवाल्याचा हिशेब, तुळशीचे पाणी, पावसाची सर येण्याआधी दोरीवरचे कपडे काढणे, कोणाचा वाढदिवस तिथीने कधी येतो हे लक्षात ठेवणे, अशी पुष्कळ कामे कोणाच्या नजरेत न येता आजीकडे असतात. पहिल्या महिन्यात ती कोणीच करत नाही, घर विस्कटते, आणि विस्कटलेल्या घरात माणसे एकमेकांवर चिडतात. यांपैकी एखादे काम तुम्ही तुमच्याकडे घ्यावे आणि ते घेतले आहे असे घरात सांगावे. जे माणूस आपल्यासाठी राबले त्याच्या आठवणीला हात लागतील असे काहीतरी लागते. नुसते आठवत बसून ती आठवण अंगावर येते.

महिना उलटल्यावरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामावर उठून जाणेच जमत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

प्रश्न (नायगाव) : आम्ही बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहतो. आई, बाबा, बारावीला असलेला भाऊ आणि मी. खिडकीलगतच्या लोखंडी कॉटवर आजी झोपत असे आणि कॉटखाली तिची ट्रंक आहे. आजी जाऊन तीन महिने झाले, पण बाबा त्या कॉटवर कोणाला बसू देत नाहीत. भाऊ व्हरांड्यात बसून अभ्यास करतो. आईला कॉट काढून तेथे टेबल ठेवायचे आहे. त्यात आत्याने आजीची बोरमाळ मागितली आणि बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. मी मधल्यामध्ये काय करावे?

उत्तर : आधी बाबांच्या बाजूने पाहू, कारण तुमच्या पत्रात त्यांची बाजू फक्त नकाराच्या रूपाने आली आहे. चार माणसांच्या एका खोलीत दुःख करायला वेगळा कोपरा नसतो. मोठ्या घरात माणूस दार लोटून घेऊ शकतो, किंवा निदान आजीच्या खोलीत जाऊन बसू शकतो. तुमच्या बाबांजवळ त्यासाठी ती कॉट आणि खिडकीजवळची तेवढी जागाच आहे. कॉट गेली तर आई गेली हे त्यांना रोज, डोळ्यांसमोर, दुसऱ्यांदा मान्य करावे लागेल. दुसरीकडे तुमची आईही चुकत नाही. इतक्या लहान खोलीत एक जागा रिकामी ठेवणे ही चैन आहे, आणि तिची किंमत सध्या व्हरांड्यात बसणारा तुमचा भाऊ भरतो आहे.

म्हणून कॉट ठेवायची की काढायची, हा प्रश्नच तूर्त बाजूला ठेवावा आणि ती वापरायची कशी, एवढेच ठरवावे. परीक्षा होईपर्यंत भावाने त्या कॉटवर बसून अभ्यास करावा आणि रात्री तेथेच झोपावे. खिडकीचा उजेड त्याला मिळेल, आजीची ट्रंक खाली जशीच्या तशी राहील आणि घरातील एकही वस्तू बाहेर जाणार नाही. मात्र हे आईने किंवा तुम्ही परस्पर ठरवू नये. बाबांनी स्वतः मुलाला ‘आजीच्या कॉटवर बस’ असे म्हणायला हवे, आणि ते म्हणण्याची संधी त्यांना तुम्ही द्यावी. ‘आजी असती तर तिने त्याला व्हरांड्यात बसू दिले असते का?’ एवढेच त्यांना एकदा, आई समोर नसताना, शांतपणे विचारावे. लगेच उत्तर मागू नये. आठ-दहा दिवसांनी ते आपणहून बोलतील, असा माझा अंदाज आहे. परीक्षा संपल्यावर, वर्षश्राद्धानंतर, कॉटचा विचार पुन्हा करता येईल, आणि तोपर्यंत ती आजीची म्हणून तशी कोरी राहिलेली नसेल.

आता बोरमाळेविषयी. आत्याने ती मागितली यात मला लोभ दिसत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईच्या मरणानंतर माहेरी किती काळ आपले म्हणून येता येईल, याची धास्ती असते, आणि ती धास्ती अनेकदा एखाद्या दागिन्याच्या मागणीतून बाहेर पडते. शिवाय कायद्याने तिचा हक्क आहे. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीच्या मालमत्तेत तिचा पती, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा असतो, आणि मुलगी विवाहित आहे किंवा नाही याने त्यात फरक पडत नाही. आजीने तोंडी काही सांगितले असेल तर त्याला मृत्युपत्राचे बळ नसते, परंतु भावंडांनी एकमताने ती इच्छा पाळायला कोणाचीच आडकाठी नसते. म्हणून बाबांनी आत्याला एक दिवस जेवायला बोलवावे आणि ट्रंक तिच्या समोरच उघडावी. तिच्या आधी ट्रंक उघडू नये, हे मी मुद्दाम लिहिते. भावाने आणि भावजयीने आधीच उघडून पाहिली, एवढ्या कारणावरून जन्मभर न बोलणारी घरे मुंबईत थोडी नाहीत.

ट्रंकेत लुगडी असतीलच. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटरचे असते, म्हणजे एकेका लुगड्यात पुष्कळ कापड निघते. वापरून मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी फार चांगली होते. आत्याने, आईने आणि तुम्ही आवडलेले एकेक लुगडे आधी घ्यावे, उरलेल्यांच्या दोन गोधड्या शिवून घ्याव्यात आणि एक आत्याकडे जावी. आजीचे अंथरूण-पांघरूण बहुतेक घरांत दिवसांतच दान करतात. ते राहिले असेल तर आता द्यावे. वॉकर किंवा आजारपणातील इतर साहित्य असेल तर गरजूंना ते वापरायला देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत, त्यांना द्यावे. उरलेली औषधे मात्र कोणाला देऊ नयेत.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. ती झालीच असेल. दाखल्याच्या चार-पाच प्रती पालिकेच्या विभाग कार्यालयातून एकदमच घ्याव्यात, कारण बँक, शिधापत्रिका आणि खोलीची कागदपत्रे या प्रत्येक ठिकाणी त्या लागतात, आणि दर वेळी दाखल्यासाठी रांगेत उभे राहताना बाबांनाच त्रास होईल. हे काम तुम्ही घ्यावे.

प्रश्न (गिरगाव) : आजीचा दहावा बाणगंगेवर केला. फार वेळ थांबूनही पिंडाला कावळा शिवला नाही. बाबांनी हात जोडून ‘सगळे नीट सांभाळू’ असे सांगितले, काकांनी सांगितले, तरीही नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पूर्ण केला. तेव्हापासून घरात कुजबुज चालू आहे. गावचे घर विकले म्हणून आजीचा जीव अडकला, असे काकू म्हणतात. बाबा जेवता जेवता उठून जातात.

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे विधी अपुरा राहिलेला नाही. कावळा शिवला नाही तर दर्भाच्या कावळ्याने स्पर्श करून पुढे जावे, ही सोय रीतीतच आहे, आणि ज्यांनी ती करून ठेवली त्यांना कावळे सांगितल्या वेळी येत नाहीत हे पुरते ठाऊक होते. गुरुजींनी काही पळवाट काढली, असे कोणी मनात आणू नये.

दुसरी गोष्ट साधी आहे. बाणगंगेच्या काठावर एकाच सकाळी अनेक कुटुंबांचे पिंड मांडलेले असतात आणि तेथल्या कावळ्यांना खाण्याची ददात नसते. कावळा मुळातच सावध पक्षी आहे. दहा-पंधरा माणसे गोल करून, डोळे लावून उभी राहिली की तो जवळ यायला धजत नाही. तुमच्या घरच्यांनी प्रेमाने जी गर्दी केली, तिनेच त्याला दूर ठेवले असण्याचा संभव मोठा आहे.

परंतु तुमच्या पत्रातील खरे दुखणे कावळ्याचे नाही. घर विकल्याचा राग काकूंच्या मनात आधीपासून होता आणि त्याला आता आजीच्या नावाने बोलायला जागा मिळाली. मृत माणसाच्या तोंडी आपले गाऱ्हाणे घालणे मला फार निष्ठुर वाटते, कारण ज्याच्यावर ते घातले जाते त्याला उत्तर देताच येत नाही. तुमच्या बाबांना ज्या आईसमोर आपली बाजू मांडायची होती ती आई राहिली नाही. काकूंशी बाबांनीच बोलावे असे नाही. घरातील एखाद्या ज्येष्ठाने, शक्य असल्यास काकांनी, त्यांना स्पष्ट सांगावे की घराच्या व्यवहाराविषयी काय बोलायचे ते व्यवहार म्हणून बोलू, आईचे नाव त्यात नको.

आजीची इच्छा काय होती, हे जाणून घ्यायला कावळा लागत नाही. ती बोलत होती, आणि तुम्ही सगळे ऐकत होतात. तिला गावाची ओढ असेल तर या उन्हाळ्यात बाबांना घेऊन गावी जावे, घर दुसऱ्याचे झाले असले तरी ग्रामदेवतेचे दर्शन घ्यावे आणि तिच्या वयाच्या ज्या बायका तेथे असतील त्यांना भेटून यावे. यात प्रायश्चित्ताचा भाग नाही. आपल्या आईला ओळखणारी माणसे अजून आहेत, एवढे बाबांना दिसले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न (मुलुंड) : माझी पाच वर्षांची मुलगी आजेसासूबाईंजवळ झोपत असे. पणजी देवबाप्पाकडे गेली, असे आम्ही तिला सांगितले. गणपती विसर्जनाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटले की बाप्पा परत येतो, मग पणजी कधी येणार, असे ती आता रोज विचारते. काय सांगावे?

उत्तर : मुंबईच्या मुलीने केलेला हा हिशेब अगदी चोख आहे, आणि त्यातच आपल्या उत्तरातील उणीव दिसते. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना मरण कायमचे असते हे हळूहळू उमगू लागते, त्याआधी ‘गेली’ या शब्दात त्यांना परतीचा प्रवास दिसतो. म्हणून तिला साध्या शब्दांत सांगावे की पणजी मरण पावली, म्हणजे तिचे शरीर काम करायचे थांबले, तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही आणि ती परत येणार नाही. देवाघरचे सांगायचे असेल तर ते या वाक्यानंतर सांगावे, त्याऐवजी सांगू नये. ‘झोपली’ असे मात्र कधीही म्हणू नये, विशेषतः जी मुलगी तिच्याच कुशीत झोपत होती तिला, कारण मग तिला झोपेचीच भीती बसेल. नुसते ‘आजारी पडली म्हणून’ असे म्हटले तर आईला सर्दी झाली तरी ती घाबरेल. पणजी फार म्हातारी होती आणि तिचे दुखणे औषधांनी बरे होण्यासारखे नव्हते, असे सांगावे.

ती हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारील. दर वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यावे. तिच्यासमोर तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर लपवू नये, ‘मला पणजीची आठवण आली’ असे म्हणावे. रात्री काही दिवस कोणीतरी तिच्याजवळ झोपावे, आणि शक्यतो तेच माणूस रोज असावे.

प्रश्न (दादर) : आजी ज्येष्ठात गेली. आजोबा ८४ वर्षांचे आहेत. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. या वर्षी आणू नये, असे बाबा आणि काका म्हणतात, पण आणायचाच, असा आजोबांचा आग्रह आहे. दिवाळीचे काय करावे?

उत्तर : सुतक दहा दिवसांचे असते. ते फिटल्यावर नित्याची पूजा सुरू होते. वर्षभर टाळतात ती मुख्यतः लग्न-मुंजीसारखी मंगलकार्ये. गणपतीच्या वेळी सुतक चालू असेल तर मूर्ती आणत नाहीत किंवा दुसऱ्या घराण्यातील व्यक्तीकडून पूजा करवून घेतात. तुमच्याकडे ज्येष्ठातले सुतक भाद्रपदापर्यंत केव्हाच संपलेले आहे. तरीही पहिल्या वर्षी न आणणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांचेही चुकते असे नाही.

मी मात्र आजोबांचे ऐकेन. या घरात सर्वांत मोठी हानी त्यांची झाली आहे, आणि ज्याच्या दुःखापोटी तुम्ही सण टाळू पाहता तेच सण मागत आहेत. तो उत्सवाचा हट्ट नसावा. इतक्या वर्षांच्या संसारात जे दोघांनी मिळून केले, ते निदान एकाने करावे, असे त्यांना वाटत असेल. गणपती दीड दिवसाचा करावा, आरास आणि निमंत्रणे नसावीत, मोदक घरच्यांपुरते व्हावेत. पूजेला आजोबांना बसवावे आणि बसणे झेपत नसेल तर खुर्ची द्यावी.

गणपती गेले की पितृपंधरवडा येतो. पतीच्या आधी गेलेल्या स्त्रीसाठी भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी करतात आणि सवाष्णीला जेवू घालतात. पहिल्या वर्षी ती करायची की वर्षश्राद्धानंतर, हे गुरुजींना विचारून घ्यावे. दिवाळीत अशा घरी तळण करत नाहीत, शेजारी आणि नातलग फराळ आणून देतात. तो नाकारू नये. तुमच्या मजल्यावरच्या लोकांना तुमच्याविषयी काय वाटते, हे सांगायला त्यांच्याजवळ तेवढाच मार्ग असतो. डबा रिकामा परत करत नाहीत म्हणून अवघडून जाऊ नये, त्यात साखर घालून द्यावी.

प्रश्न (भांडुप) : माझी आजी साताऱ्याकडची. तिने गेल्या मे महिन्यात घातलेले कैरीचे लोणचे अर्धी बरणी उरले आहे. आई ते कोणाला खाऊ देत नाही. आजीचा कांदा-लसूण मसाला कोणी लिहून घेतला नाही. ती ओव्या म्हणत असे, त्यांतल्या काही माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित आहेत, शिवाय तिने पाठवलेले आवाजी निरोप आहेत. तिचा फोन अजून चालू ठेवला आहे. हे सगळे कसे जपावे?

उत्तर : लोणचे खाऊन संपवावे. मुंबईच्या पावसाळी हवेत तेल खाली गेलेल्या बरणीला बुरशी यायला वेळ लागत नाही, आणि आजीच्या हातचे लोणचे एक दिवस फेकून देण्याची वेळ आईवर आली तर तिला ते दुःख झेपणार नाही. लोणचे तेलाखाली बुडलेले आहे ना, हे आधी पाहावे. नसेल तर तेल तापवून, पूर्ण गार करून वर ओतावे. कोरडा चमचा, तोंडावर दादरा घट्ट, आणि रोज पानात थोडे. पुढच्या मे महिन्यात आईने त्याच बरणीत नवे लोणचे घालावे. ते आजीसारखे होणार नाही, असे ती म्हणेल. पहिल्या वर्षी होणारही नाही.

मसाल्याचे प्रमाण तुम्हाला वाटते तसे हरवलेले नाही. आजी मूठ आणि चिमटीच्या मापाने करत असेल, आणि ती मूठ तुमच्या आईने वर्षानुवर्षे पाहिली आहे. आईला डाळ-तांदूळ मोजतो त्या काट्याजवळ उभे करावे आणि ‘आजी धणे किती घेत असे?’ असे विचारून तिला हातानेच घेऊ द्यावे. ते वजन लिहावे. मग तीळ, सुके खोबरे, लसूण, भाजून सुकवलेला कांदा, असे एकेक. मिरची कोणती होती, ब्याडगी किती आणि तिखट किती, हे आत्या-मावश्यांना विचारावे. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. सगळी लिहून ठेवावीत आणि अर्ध्या किलो मिरचीचा मसाला आधी करून पाहावा. लालबागच्या मसाला गल्लीतील मसाला कुटण्याच्या डंकावर आजी स्वतः जात असेल तर तुम्ही आईबरोबर तेथेच जावे. कांदा किती काळा होईपर्यंत भाजायचा, हे कागदावर लिहून कळत नाही. ते आईच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

आवाजाचे काम मात्र याच आठवड्यात करावे. रिचार्ज न झालेला क्रमांक काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, फोन बिघडतात, आणि निरोप एखाद्या दिवशी उघडेनासे होतात. आजीच्या आणि तुमच्या फोनवरील सगळे आवाजी निरोप आणि ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून घ्यावीत, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक एखाद्या भावंडाकडे ठेवावी. प्रत्येक फाइलला तारीख आणि विषय यांचे नाव द्यावे. त्या क्रमांकाशी तिचे बँक खाते किंवा निवृत्तिवेतन जोडलेले असेल तर तो व्यवहार आधी मिटवावा आणि मगच क्रमांक बंद करावा. आजीचा फोन रोज चार्ज करून ठेवण्यात वावगे काही नाही, पण निरोप सुरक्षित झाले की ती निकड आपोआप कमी होईल.

ओव्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या एकट्या तुमच्या आजीच्या नाहीत. जात्यावर बसलेल्या बायकांनी आईकडून, सासूकडून, शेजारणीकडून घेतलेल्या आणि स्वतःच्या चार शब्दांनी पुढे नेलेल्या त्या ओळी आहेत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि तो संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. त्यात शोधले तर तुमच्या आजीच्या ओवीची बहीण शोभेल अशी ओवी सापडण्याचा चांगला संभव आहे.

ध्वनिमुद्रण ऐकून ओव्या शब्दशः लिहून काढाव्यात. आजी जसे बोलत असे तसेच लिहावे, प्रमाण मराठीत दुरुस्त करू नये. काही शब्द तुम्हाला कळणार नाहीत, गावांची आणि माणसांची नावे ओळखू येणार नाहीत, काही ओव्या अर्ध्यावर तुटलेल्या असतील. वही घेऊन गावाकडच्या तिच्या बहिणी-जावांकडे जावे आणि ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवावे. त्या पुढची ओळ आपणहून म्हणतील. ती ओळही लिहावी, आणि तिच्यापुढे म्हणणारीचे नाव, तिचे आजीशी नाते आणि गाव लिहून ठेवावे.